चार आण्यांचा जीव

‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.’ म्हाताऱ्या, आजारी हॅमस्टरला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे निघालेल्या माणसाला ही म्हण हमखास ऐकावी लागते. शेजारी म्हणतात, नातेवाईक म्हणतात, कधी दवाखान्यात कुत्रा घेऊन बसलेली माणसंही म्हणतात. त्यांचा हिशेब सरळ असतो. हा प्राणी दुकानात काही शे रुपयांना मिळतो. डॉक्टरांची फी, कातडीची तपासणी आणि औषधं धरली तर त्याच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च होतो. त्याचं आयुष्य मुळात दोन-तीन वर्षांचं, त्यातली दोन सरलेली. मग अंगावर जखमा होऊन त्यांत पू झाला, तर ‘वयच झालं त्याचं’ म्हणावं आणि पिंजरा बाल्कनीच्या कोपऱ्यात सरकवावा.

हा हिशेब मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे नीट सांगायला हवं. ‘मुका जीव आहे हो बिचारा’ एवढं म्हणून भागत नाही, कारण समोरचाही तेच म्हणतो आणि तरी पिंजरा बाल्कनीत सरकवतो.

दुकानदाराला पैसे दिले तिथे दुकानदाराशी असलेला व्यवहार संपला. पण पिंजऱ्याचं दार लावलं त्या क्षणी दुसरा व्यवहार सुरू झाला आणि तो थेट त्या प्राण्याशी आहे. रानातला हॅमस्टर आपलं बीळ स्वतः खणतो, ओली झालेली जागा सोडून कोरडीकडे जातो, निजायची, साठवणीची आणि घाणीची जागा वेगवेगळी ठेवतो. पिंजऱ्यात यातलं काहीच त्याच्या हातात उरत नाही. ओल्या भुशावर झोपायचं की कोरड्यावर, हे आपण ठरवतो. तारेच्या जाळीवर चालून त्याच्या तळव्यांना जखमा होणार की नाही, हेही आपण ठरवतो. सुगंधी तेलाचा उग्र वास असलेला पाइनचा भुसा घालणारे आपण, आणि ज्या जातीने एकट्यानेच राहायचं ती जोडीने विकणारं दुकानही आपल्यातलंच. एका पिंजऱ्यात कोंबलेले सोनेरी हॅमस्टर एकमेकांना चावतात आणि त्यांच्या पाठीवरची गळवं पुष्कळदा तिथूनच सुरू होतात. ज्याच्या हातात सगळं आहे त्याच्यावर सगळ्याची जबाबदारी येते. तिचा त्या प्राण्याच्या किमतीशी संबंध नाही, वजनाशी तर नाहीच. आपला 1960 चा प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदाही हेच धरून चालतो. माणूस सोडून कुठलाही जिवंत प्राणी म्हणजे प्राणी, ही त्याची व्याख्या. आणि ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या स्वास्थ्याची काळजी घ्यावी, त्याला विनाकारण वेदना होऊ देऊ नयेत, हे कायद्याचं तिसरंच कलम सांगतं. त्यात ग्रॅम-किलोची अट नाही.

हॅमस्टर माणसाच्या घरात आला कसा, हे पाहिलं तर या जबाबदारीचं वजन आणखी वाढतं. सोनेरी हॅमस्टर मूळचा उत्तर सीरियातल्या अलेप्पोच्या परिसरातला. शेतजमिनीत खोल बिळं करून एकटा राहणारा. जॉर्ज वॉटरहाउस या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1839 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली, पण पाळीव हॅमस्टरांचा वंश सुरू होतो तो 1930 पासून. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सॉल ॲडलर हे परजीवी जंतूंचे अभ्यासक लिशमॅनियासिसवर काम करत होते. आपल्याकडे बंगाल, आसाम, बिहारमध्ये ज्याने गावंच्या गावं ओस पाडली तो काळाआजार याच रोगाचा एक प्रकार. त्याचा जंतू 1903 मध्ये लिशमन आणि मद्रासचे डोनोव्हन यांनी ओळखला, म्हणून त्याच्या नावात दोघांचीही नावं आहेत. ॲडलरना प्रयोगासाठी प्राणी हवा होता. चिनी हॅमस्टर चालत होता, पण तो प्रयोगशाळेत वीण घेत नव्हता. म्हणून इस्राएल आहारोनी हे प्राणिशास्त्रज्ञ अलेप्पोकडे गेले आणि शेत खणून त्यांनी एक मादी आणि तिची पिल्लं बाहेर काढली. बिळातून उपसलेल्या त्या मादीने घाबरून आपल्याच एका पिल्लाला मारलं. बाकीची वाचावीत म्हणून मग तिलाच मारण्यात आलं. पिल्लांपैकीही थोडीच जगली. त्या मोजक्या भावंडांपासून पुढची वीण झाली आणि 1931 मध्ये ॲडलरनी त्यांतले काही स्वतःच्या कोटाच्या खिशात घालून इंग्लंडला नेले. आज पुण्या-मुंबईच्या दुकानांत काचेच्या पेटीत झोपलेला सोनेरी हॅमस्टर बहुधा त्याच घरट्याचा वंशज असतो. तिकडे रानात मात्र त्याची जात धोक्यात आहे. पिकांची नासाडी करतो म्हणून शेतकरी त्याला विष घालतात.

म्हणजे हा प्राणी माणसाच्या घरात लाडासाठी आलेला नाही. तो आला माणसाच्या रोगासाठी, आणि त्यातही आपल्या देशाच्या रोगासाठी. काळाआजाराच्या नव्या औषधांची पारख आजही हॅमस्टरवर होते, आपल्या लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतसुद्धा. लाड नंतर आले.

या इतिहासातली आणखी एक गोष्ट थेट आपल्या विषयाला भिडते. 1970 च्या दशकात क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक घेणाऱ्या काही रुग्णांना मोठ्या आतड्याचा भयंकर दाह होत असे आणि त्याचं कारण सापडत नव्हतं. अमेरिकेतल्या जॉन बार्टलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते औषध हॅमस्टरना दिलं. हॅमस्टर जुलाब होऊन पटापट मेले. त्यांच्या आतड्यांत विष तयार करणारा जंतू सापडला आणि 1977-78 पर्यंत माणसांतल्या त्या आजाराचा गुन्हेगारही तोच, हे उघड झालं. तो जंतू म्हणजे तेव्हा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या नावाने ओळखला जाणारा. आज कुठल्याही मोठ्या रुग्णालयात अँटिबायोटिक सुरू असलेल्या माणसाला जुलाब लागले की डॉक्टर ज्याची आठवण ठेवतात तो हाच. ही आठवण हॅमस्टरांच्या मरणातून आलेली आहे.

आणि त्याच हॅमस्टरच्या अंगावर जखम दिसली की आपण काय करतो? घरातला औषधांचा खण उघडतो. मुलांसाठी आणलेलं अमॉक्सिसिलिनचं उरलेलं सायरप असतं, त्यातले दोन थेंब पाजतो. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं, सेफॅलेक्सिनसारखी औषधं, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन ही हॅमस्टरला तोंडाने दिली तर त्याच्या आतड्यातले उपकारक जंतू मरतात, तो विषारी जंतू माजतो आणि काही दिवसांत प्राणी जातो. जखमेवर लावलेलं मलमही पोटातच जातं, कारण हॅमस्टर अंग चाटून स्वच्छ करणारा प्राणी आहे आणि मलम लावलेली जागा तर तो आधी चाटतो. आपल्याकडे गजकर्णापासून गालावरच्या डागापर्यंत सगळ्यावर चोळलं जाणारं, स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेलं मलम त्याहून घातक. स्टेरॉइडने लाली दोन दिवस कमी दिसते, घरचे खूश होतात, आणि आतून प्रतिकारशक्ती खचल्यामुळे कातडीतले किडे दुप्पट जोराने वाढतात. टी ट्री ऑइलसारखी तेलं तर एवढ्याशा शरीराला सरळ विषच. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो असा.

म्हणून प्रेम आणि काळजी यांची सरमिसळ मला धोक्याची वाटते. हॅमस्टरवर प्रेम करणारी घरं पुष्कळ आहेत. पण दीडशे ग्रॅमचा जीव प्रेमाने दिलेल्या चुकीच्या दोन थेंबांनीही मरतो. काळजीत माहिती लागते, माप लागतं आणि आपला हात आवरणं लागतं. स्वतःहून काही न लावणं हीसुद्धा कित्येकदा काळजीच असते.

म्हातारपणी या प्राण्याच्या कातडीला नेमकं होतं काय, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण ‘वयच झालं’ या दोन शब्दांखाली पाच-सहा वेगवेगळे आजार गाडले जातात. दीड वर्षानंतर हॅमस्टर उतरणीला लागतो. डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे त्याच्या केसांच्या मुळांत आधीपासूनच राहत असतात आणि धट्टाकट्टा असेपर्यंत काही त्रास देत नाहीत. प्रतिकारशक्ती घसरली की ते माजतात. पाठीवरचे, ढुंगणावरचे केस जातात, कोंडा सुटतो, खाजवून जखमा होतात आणि त्यांत जंतू शिरतात. पण केस जाण्याचं कारण अधिवृक्क ग्रंथींचा बिघाडही असू शकतं. मूत्रपिंडं निकामी होत आली असतील, तर प्रतिकारशक्ती खालावण्याचं मूळ तिथे असतं. न भरणारा, कडा उचललेला खवलेदार व्रण कातडीच्या कर्करोगाचाही असतो, आणि हा कर्करोग म्हाताऱ्या हॅमस्टरांत दुर्मीळ नाही. गळू असेल तर त्यातला पू घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही, डॉक्टरांना ते उघडून धुवावं लागतं. याउलट सोनेरी हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर काळपट, किंचित उंच ठिपके दिसतात ते मुळात आजारच नव्हेत. त्या त्याच्या गंधग्रंथी. नराच्या जास्त ठळक असतात आणि म्हातारपणी केस विरळ झाले की अचानक नजरेत भरतात. त्यांना जखम समजून खरवडणारे लोक मी पाहिले आहेत. हा फरक घरबसल्या, मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून होत नाही. कातडी हलकेच खरवडून काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. ही तपासणी साधी आहे, जागच्या जागी होते, आणि तिच्याशिवाय दिलेलं प्रत्येक औषध म्हणजे अंधारात मारलेला दगड.

आमच्या घरच्या म्हाताऱ्याच्या, गुंड्याच्या, मांडीवरची जखम मी रोज साफ करत असे. कातडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ झालेली, खालची निळसर शीर दिसायची. वर पिवळी खपली, आणि तिच्या कडेला केस चिकटून कडक झालेले. डॉक्टरांनी शिकवलं होतं ते असं: जुन्या मऊ सुती रुमालात त्याला गुंडाळायचं, फक्त मागचा भाग उघडा ठेवायचा. सलाइनच्या कोमट पाण्यात कापसाऐवजी गॉज भिजवायचा, कारण कापसाचे तंतू जखमेत अडकतात. खपली ओढायची नाही. ओला गॉज नुसता टेकवून ठेवायचा, ती आपोआप सुटते. मग दुसऱ्या कोरड्या गॉजने टिपून घ्यायचं. पुसायचं नाही. तोंडाने द्यायचं औषध सुई काढलेल्या इन्सुलिनच्या सिरिंजने गालाच्या कडेने, थेंब थेंब. हे सगळं संध्याकाळी तो आपणहून उठल्यावर, कारण दिवसा झोपेतून उठवलेला म्हातारा हॅमस्टर बिथरतो. एवढं होईपर्यंत त्याचं काळीज अंगठ्याखाली इतकं भराभर धडधडत असे की ठोके वेगळे मोजताच येत नसत. आणि रुमालातून सुटल्यावर तो आधी ती जागा चाटायचा, मग भोपळ्याची बी उचलून गालाच्या पिशवीत टाकायचा. बी उचलली की मला दिवस चांगला वाटे.

पण खरी बातमी बीपेक्षा वजनकाट्यावर कळते. हॅमस्टर शिकार होणाऱ्या प्राण्यांपैकी आहे. दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे, आणि तो दिवसभर झोपलेलाच दिसतो. डोळ्यांना कळेल तोवर उशीर झालेला असतो. स्वयंपाकघरात मसाले मोजायचा डिजिटल काटा यासाठी उत्तम. 120 ग्रॅमचा हॅमस्टर 110 वर आला तर पाहणाऱ्याला फरक दिसत नाही, पण 60 किलोच्या माणसाचे 5 किलो उतरावेत एवढं ते असतं. बाकी बदल फुकटचे आहेत. वरचे मजले आणि शिड्या काढून टाकायच्या, पाण्याची बाटली खाली आणायची, जखमा भरेपर्यंत वाळूची अंघोळ बंद, भुशाऐवजी वास नसलेले कागदाचे मऊ तुकडे, ओला झालेला भाग रोज बदलायचा पण त्याचं घरटं मोडायचं नाही. नखं वाढली असतील तर डॉक्टरांकडून कापून घ्यायची, कारण म्हातारा हॅमस्टर आपल्याच वाढलेल्या नखांनी खाजवून स्वतःला जखमा करून घेतो.

आता मोठा आक्षेप. ज्या देशात माणसांना वेळेवर डॉक्टर मिळत नाही, तिथे उंदराएवढ्या प्राण्यावर हजार रुपये खर्च करणं शोभतं का? हा प्रश्न विचारणाऱ्याला मी कधी उडवून लावत नाही. ज्याने आईला खाटेवर घालून तालुक्याला नेलेलं आहे त्याला तो विचारायचा हक्क आहे. पण माझं उत्तर असं की आजारी माणसाशी आपलं नातं आणि या हॅमस्टरशी आपलं नातं ही एका तराजूत घालायची गोष्ट नाही. संत एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ते गाढव नाथांचं कुणीही नव्हतं. नाथांनी त्याला वाळवंटात आणलेलं नव्हतं, बांधलेलं नव्हतं. ती शुद्ध दया होती आणि म्हणून ती थोर. आपल्या पिंजऱ्यातल्या हॅमस्टरसाठी आपण जे करतो ते इतकं थोर मुळीच नाही. त्याला आपण आणलं, आपण कोंडलं. त्याचं दुखणं निस्तरणं हे दानधर्माच्या खात्यात पडत नाही, ते उसनवारीच्या खात्यात पडतं. दान कुणाला आधी द्यायचं हे ठरवता येतं. देणं फेडायच्या वेळी ‘शेजारी जास्त गरीब आहे’ असं सावकाराला सांगता येत नाही. ज्याला हे देणं नको त्याने ते अंगावर घेऊ नये, आणि हे मी अगदी मनापासून म्हणतो. दुकानात हॅमस्टर विकत घेण्याच्या विरोधात माझ्याकडे बरंच सांगण्यासारखं आहे. पण जो घरात आलेला आहे, ज्याची कातडी आता चिघळली आहे, त्याला हा वाद दाखवून उपयोग नाही.

हे देणं मानणारे इतरत्रही आहेत. जानेवारी 2022 मध्ये हाँगकाँगमध्ये एका पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या हॅमस्टरांत कोविडचा विषाणू सापडला. सरकारने सुमारे दोन हजार लहान प्राणी मारायचा हुकूम काढला आणि 22 डिसेंबरपासून विकत घेतलेले हॅमस्टर घरांतून आणून द्यायला सांगितले. साथीच्या भीतीत तो निर्णय बरोबर होता की नव्हता, यावर मतं असतील. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. हजारो लोकांनी पुढे येऊन, टाकून दिलेले हॅमस्टर आम्ही सांभाळतो असं कळवलं. घरोघरी त्या प्राण्याशी बांधलेलं नातं किती खोल आहे, हे त्या आठवड्यात साऱ्या जगाने पाहिलं. किंमत तिथेही फार नव्हती.

सगळ्यात अवघड प्रश्न शेवटी येतो: कुठे थांबायचं? पश्चिम भारतात या प्रश्नाला दोन जुनी उत्तरं आहेत. एक पांजरापोळाचं. मुंबईचा पांजरापोळ 1834 चा, जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी काढलेला. निकामी, म्हातारं, लुळं झालेलं जनावरही नैसर्गिक मरण येईतो पोसायचं, कारण उपयोग संपला म्हणून जगण्याचा हक्क संपत नाही. दुसरं उत्तर 1928 मध्ये साबरमती आश्रमात मिळालं. एक वासरू असह्य वेदनेत तडफडत होतं, त्याला कूस बदलता येईना, डॉक्टरांनी हात टेकले. गांधींनी आपल्या समोर डॉक्टरकरवी इंजेक्शन देऊन त्याला वेदनेतून सोडवलं. गुजरातेत गहजब झाला, संतापाची पत्रं आली, आणि गांधींनी ‘नवजीवन’मधून आपली बाजू जाहीरपणे मांडली. अहिंसेचा एवढा मोठा पुरस्कर्ता हे करतो, तेव्हा त्यामागे काय विचार असेल हे प्रत्येक प्राणी पाळणाऱ्याने एकदा तरी पाहायला हवं.

मला ही दोन्ही उत्तरं लागतात, पण वेगवेगळ्या वेळी. जखमा दिसल्याबरोबर ‘देऊन टाका इंजेक्शन, कशाला हाल’ म्हणणाऱ्या घराला पांजरापोळाचं उत्तर ऐकवायला हवं. कारण किड्यांचा आजार आटोक्यात येतो, गळू भरतं, आणि पूर्ण बरं न होताही म्हातारा हॅमस्टर कित्येक आठवडे खातो, घरटं रचतो, रात्री उठून पिंजऱ्यात फेरी मारतो. तेवढे आठवडे त्याच्या आयुष्याच्या मानाने फार मोठा काळ. उपचाराने बरं होणार नसेल तर उपचार व्यर्थ, असं मानण्याची आपली सवय माणसांच्या म्हातारपणालाही भोवते. खाज थांबली, झोप लागली, जखमेचा वास गेला, एवढंही औषधाचं पुरेसं यश असतं.

पण खाणं सुटलं, वजन घसरतच राहिलं, पाठ कुबडी करून डोळे अर्धे मिटून तो एका जागी बसून राहू लागला, स्वतःचं अंग साफ करणंही त्याने सोडलं आणि वेदनाशामकानेही फरक पडेना, तर तिथून पुढे सिरिंजने भरवत राहणं हे त्याच्यासाठी उरत नाही. ते आपल्या मनाच्या समाधानासाठी असतं. तिथे साबरमतीचं उत्तर लागतं. ते डॉक्टरांच्या हातून, आधी भूल देऊन. घरगुती उपाय अजिबात नकोत. आणि घरात मूल असेल तर त्याला खरं सांगावं. ‘डॉक्टरकाकांकडे ठेवलाय’ म्हणून शाळेला पाठवायचं आणि नंतर त्याच रंगाचा दुसरा आणून ठेवायचा, हा प्रकार मला हॅमस्टरवरही अन्याय वाटतो आणि मुलावरही. मुलाला त्यातून एवढंच कळतं की जीव बदलून मिळतो.

या सगळ्यात एकट्या घराने किती करावं? परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून आहे. राज्यात पशुवैद्यकांची परंपरा जुनी आणि मोठी. पण ती गाई-बैलांभोवती उभी राहिली, आणि ते योग्यच होतं. हॅमस्टर, ससे, गिनिपिग नेहमी तपासणारे डॉक्टर मोठ्या शहरांत मिळतात. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या समोर असा रुग्ण वर्षानुवर्षं येत नाही. तरीही त्यांच्याकडे जावं. गळू काय असतं, जखम कशी धुवायची, कातडी खरवडून किडे कसे बघायचे हे त्यांना पक्कं माहीत असतं. आपण प्राण्याचं नेमकं वजन सांगावं आणि ‘याला पेनिसिलिनचं औषध चालत नाही असं वाचलंय, एकदा पाहता का?’ एवढं नम्रपणे विचारावं. चांगला डॉक्टर रागावत नाही, पुस्तक उघडतो किंवा शहरातल्या मित्राला फोन लावतो.

दुकानांबद्दल मात्र इतकं मऊ बोलवत नाही. 2018 च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. ग्राहकाने ते प्रमाणपत्र मागावं, आणि दुकानदाराने विकतानाच सांगावं की हा प्राणी दोन-तीन वर्षांचा सोबती आहे, त्यातले शेवटचे काही महिने याची कातडी, दात, डोळे यांची देखभाल करावी लागेल, आणि त्याला एकट्यालाच ठेवायचं आहे. जोडी घ्या म्हणजे स्वस्त पडेल, असं जो म्हणतो त्याच्याकडून काहीही घेऊ नये. आणि मुलाचा हट्ट कितीही असो, पिंजरा बघायच्या आधी आपल्या गावात हॅमस्टर तपासणारा डॉक्टर आहे का, त्याची वेळ कुठली आणि फी किती, हे फोन करून विचारून घ्यावं.